निरोप आणि नाद

गेल्या चैत्रात माझ्या मुलाने माझ्यापुढे एक अर्ज ठेवला. 'अर्ज' हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण सरकारी नोकराच्या घरी मुलांनाही आपली मागणी रीतसर मांडण्याची सवय लागते. त्याला एक हेडफोन हवा होता. संगणकावर मित्रांबरोबर खेळ खेळताना तो कानांवर चढवावयाचा, आपापल्या घरी बसलेल्या त्या मित्रांशी त्यातूनच बोलावयाचे, आणि खेळ संपला की त्याच्यावरच गाणी ऐकावयाची. "बाबा, दोन्ही कामांना मिळून एकच, पण चांगला हवा," एवढीच त्याची अट होती. अट साधी दिसली म्हणून मी ती मान्य केली. पुढे दुकानातील खोक्यांवरचा मजकूर वाचता वाचता माझ्या ध्यानात आले की, या साध्या अटीच्या पोटात शंभराहून अधिक वर्षांचे एक जुने भांडण दडलेले आहे.

आम्ही राहतो रिछाईला. जबलपूरचे हे औद्योगिक क्षेत्र. लहानमोठ्या कारखान्यांच्या रांगा आणि त्यांतून दिवसभर चाललेली घरघर व ठोकाठोक, ही इथली नित्याची पार्श्वभूमी. माझे वडील शहरातील एका कारखान्यात पस्तीस वर्षे यंत्रापाशी उभे राहिले. त्यांच्या उमेदीच्या काळी कानांत बोळे घालणे हे नाजूकपणाचे लक्षण समजले जाई. निवृत्तीच्या सुमारास त्यांना कळून आले की पहाटेची पाखरे आता बोलत नाहीत. माणसांचा आवाज पोचतो, पण त्यातला 'स' आणि 'श' वाटेतच गळून पडतो. आज ते श्रवणयंत्र वापरतात. ज्या घरात एका माणसाचे कान पोटासाठी खर्ची पडले, त्या घरात दुसऱ्याच्या कानांवर आपण होऊन आवाज बसवावयाचा, तर तो समजून उमजून बसवावा, असे मला वाटले. इतिहास हा माझ्या एम.ए.चा विषय. तेव्हा कोणता हेडफोन चांगला, या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या सवयीप्रमाणे मागे वळून शोधू लागलो.

मागे पाहिले तर एक गोष्ट प्रथमच नजरेत भरते. हेडफोनचे घराणे एक नसून दोन आहेत. एक निरोपाचे आणि दुसरे नादाचे. बोललेला शब्द अगर पाठविलेली खूण अचूक कळावी, एवढेच पहिल्या घराण्याचे साध्य. स्वर जसा उमटला तसाच, त्याच्या अवतीभवतीच्या सूक्ष्म कंपनांसह, कानापर्यंत यावा, हे दुसऱ्याचे. खेळाला प्रामुख्याने पहिले हवे असते, गाण्याला दुसरे. माझ्या मुलाच्या मागणीने ही दोन घराणी एका छपराखाली आणली होती.

निरोपाचे घराणे वयाने वडील. अलेक्झांडर ग्रॅहम बेल याचा दूरध्वनी १८७६ सालचा. आपल्याकडे १८८२ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनीची केंद्रे उघडली. अशा केंद्रातील माणसाला दिवसभर एका हाताने श्रवणनलिका कानाशी धरून दुसऱ्या हाताने तारा जोडाव्या लागत. हात मोकळा व्हावा, या निकडीतून १८८०च्या दशकात अमेरिकेत कित्येक पौंड वजनाचे एक जोखड निघाले. ते खांद्यावर टेकवावे लागे आणि त्याला एकाच कानापुरती व्यवस्था असे. १८९१ साली अर्नेस्त मेर्काद्ये या फ्रेंच अभियंत्याने डोक्यावर वागविता येईल असे हलके द्विकर्णी साधन पेटंट करून घेतले. पुढे १९१० साली अमेरिकेतील युटा येथील नथॅनिएल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात बसून हाताने हेडफोन घडविले आणि अमेरिकी आरमाराकडे पाठविले. आरमाराला ते पसंत पडले. बिनतारी संदेश घेणाऱ्या नाविकाच्या कानी अशा रीतीने हे यंत्र लागले.

या घराण्याचा जबलपूरशी जवळचा ऋणानुबंध आहे. भारतीय सैन्याच्या संदेशवहन दलाची, म्हणजे सिग्नल्सची, स्थापना १९११ सालची, आणि त्याचे शिक्षणकेंद्र पहिल्या महायुद्धानंतर जबलपुरात आले. तेव्हापासून आजपर्यंत किती पिढ्यांतील जवानांनी या शहरात कानांवर हेडफोन चढवून टिंब आणि रेघ यांची भाषा आत्मसात केली असेल! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दूरसंचाराचा कारखाना आणि त्या खात्याचे प्रशिक्षण केंद्र हीही येथेच आली. ते प्रशिक्षण केंद्र आज भारतरत्न भीमराव आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते, आणि कारखान्याचा एक विभाग आमच्या रिछाईतही उभा राहिला. तोफांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराचा कानाशी असलेला संबंध मात्र फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

आणि एकदा या संबंधाने इतिहास घडविला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नाविकांचा उठाव झाला, त्याची ठिणगी पडली ती 'तलवार' या संस्थेत. 'तलवार' हे आरमाराचे संदेशवहनाचे विद्यालय. ज्यांचे काम इतरांचे निरोप ऐकण्याचे, त्यांनीच आपला निरोप बिनतारी यंत्रावरून इतर जहाजांना आणि ठाण्यांना दिला. नऊ दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, जबलपूरच्या सिग्नल्स केंद्रातील जवान बराकींबाहेर पडले. त्यांची संख्या सतराशेच्या आसपास होती. निकृष्ट अन्न, अपुरा पगार आणि गोऱ्यांची अपमानास्पद वागणूक या तक्रारी होत्याच. त्यांत आझाद हिंद सेनेच्या सैनिकांवरील खटले आणि मुंबईच्या नाविकांवर झालेला गोळीबार यांची भर पडली होती. उठाव थोड्याच दिवसांत मोडून काढण्यात आला. परंतु आज्ञा ऐकण्यासाठी ज्यांच्या कानांवर यंत्र बसविले, त्यांना त्याच कानांनी देशाची हाकही ऐकू येते, हे त्या आठवड्यात राज्यकर्त्यांना कळून चुकले.

या लष्करी हेडफोनचा एक गुण आपल्या आजच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. खरखरीतून संदेशाची बारीक शीळ तेवढी वेगळी ऐकू यावी, म्हणून ते ठरावीक उंचीचाच ध्वनी ठळक करीत आणि बाकीचा मागे लोटीत. दूरध्वनीचेही तसेच. सुदृढ तरुण माणसाचा कान सेकंदाला सुमारे २० पासून २०,००० पर्यंतची कंपने ऐकतो. दूरध्वनी त्यांतली साधारणतः ३०० ते ३,४०० एवढीच पुढे जाऊ देई. बोलणे समजण्यास एवढे पुरे होते. पण मिरजेचा तंबोरा त्या अरुंद वाटेने पाठवून पाहा. जवारीच्या ज्या गुंजनाने मैफल भरून जाते, ते उंच उपस्वर उंबरठ्याबाहेरच राहतील आणि उरेल ती नुसती तार.

म्हणून नादाचे घराणे वेगळे वाढले. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत् प्रदर्शनात क्लेमां आदेर याने तेथील ऑपेराच्या रंगमंचावर ओळीने ध्वनिग्राहक मांडले आणि प्रदर्शनाच्या दालनात श्रोत्यांच्या दोन्ही कानांना दोन वेगवेगळ्या ग्राहकांचा आवाज दिला. गायक रंगमंचावर इकडून तिकडे गेला की ऐकणाऱ्यालाही तो सरकल्याचा भास होई. दोन कानांनी दिशा कळते ती कशी, याची मीमांसा लॉर्ड रॅले याने १९०७ साली केली. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा ऐकू येतो. हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते, तरी मेंदू त्याचा हिशेब बिनचूक ठेवतो.

आपल्या देशात नादाच्या हेडफोनचा प्रवेश झाला तो नभोवाणीबरोबर. ऑगस्ट १९२१ मध्ये मुंबईत 'टाइम्स ऑफ इंडिया' आणि टपाल-तार खाते यांनी मिळून संगीताचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तो पुण्यात बसून ऐकला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॉट. त्या काळचा सर्वांत स्वस्त संच स्फटिकाचा असे. त्याला वीज लागत नसे आणि बॅटरीही लागत नसे. गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या खड्यावर तारेचे टोक टेकवून लहरी पकडावयाच्या. या खड्याचा असा उपयोग करण्याचे पेटंट १९०४ साली मिळाले होते ते आपल्या जगदीशचंद्र बोस यांना. मात्र या संचाचा आवाज इतका क्षीण असे की तो हेडफोनखेरीज ऐकू येत नसे. मग घरातील मंडळी काय करीत? जोडीचे दोन भाग सोडवून एक एकाच्या कानाला आणि दुसरा दुसऱ्याच्या कानाला लावीत. अथवा हेडफोन एखाद्या खोलगट भांड्यात ठेवीत आणि सारी भोवती वाकून ऐकत. निरनिराळ्या देशांच्या त्या काळच्या हकीकतींत ही चित्रे पुन्हा पुन्हा भेटतात. यंत्र एकट्याच्या कानाचे होते, ऐकणे मात्र घराचे होते.

पुढे व्हॉल्व्हचे रेडिओ आले, ध्वनिवर्धक आले, आणि हेडफोन घरातून मागे सरला. जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती, आणि १९४८ साली नागपूर केंद्र सुरू झाल्यावर इकडच्या मराठी घरांतून त्याची वाट पाहिली जाई. दिवाणखान्यातील फळीवर रेडिओ आणि खाली सतरंजीवर सारे कुटुंब, असा तो काळ वडील आजही वर्णन करून सांगतात.

हेडफोन परत आला तो संगीताचा हात धरून. १९३७ साली बर्लिनच्या ऑयगेन बायर याने हलत्या वेटोळ्याच्या तत्त्वावरचा हेडफोन विक्रीस आणला. १९५८ साली, दुहेरी वाहिन्यांच्या ध्वनिमुद्रिका बाजारात येत असताना, अमेरिकेतील मिलवॉकीच्या जॉन कॉस याने खास त्या ऐकण्यासाठी हेडफोन काढला. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने पाठीमागून उघडा असलेला हेडफोन केला. त्यात आवाज कोंडल्यासारखा वाटत नाही. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला. त्या पहिल्या वॉकमनची एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्याला हेडफोनसाठी दोन खोबणी होत्या आणि एक नारिंगी बटण होते. ते दाबले की संगीत खाली जाई आणि दोघा श्रोत्यांना एकमेकांशी बोलता येई. माणूस कानात गाणे घालून एकटा पडेल, ही शंका यंत्र करणाऱ्यांनाही आली होती. पुढच्या वॉकमनमधून ते बटण गेले.

इकडे निरोपाचे घराणेही स्वस्थ बसले नव्हते. जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावरून बोलला तो प्लँट्रॉनिक्स कंपनीच्या हेडसेटमधून. हेडफोनला बोलण्याची सोय जोडली की त्याला हेडसेट म्हणतात. १९७८ साली विमानप्रवासात घरघरीने त्रासलेल्या अमर बोस यांनी गोंगाटाच्या उलट लहरी निर्माण करून गोंगाट विझविण्याची कल्पना कागदावर मांडली. हे बोस एका बंगाली क्रांतिकारकाचे चिरंजीव. त्यांचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ साली बाजारात आला. आणि नोव्हेंबर २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घरोघरच्या खेळाडूंना एकमेकांशी जोडणारी सेवा सुरू केली, तेव्हा तिच्याबरोबर दिलेला हेडसेट एकाच कानाचा होता. खेळाने दूरध्वनी-केंद्राची परंपरा उचलली होती, ती अशी.

आता माझ्या मुलाच्या अर्जाकडे वळतो. बिनतारी हेडफोन घ्यावा, असे त्याच्या मनात होते. दिसावयास तो सुटसुटीत, आणि गाणी ऐकण्यास उत्तमच. पण नेहमीच्या ब्लूटूथमध्ये दोन्ही घराण्यांचे भांडण अक्षरशः यंत्राच्या आत चालू असते. नुसते गाणे ऐकताना त्याची वाट रुंद असते. बोलण्यासाठी मायक्रोफोन सुरू केला की यंत्र संभाषणाच्या पद्धतीवर जाते. मग ध्वनीची वरची मर्यादा चार, फार तर आठ हजार कंपनांपर्यंत खाली येते आणि गाणे एकाएकी दूरध्वनीवरून आल्यासारखे ऐकू येते. अलीकडच्या काही संचांत ही अडचण कमी झाली आहे, परंतु त्यासाठी दोन्ही टोकांची यंत्रे नव्या पद्धतीची असावी लागतात. दुसरी अडचण विलंबाची. साध्या ब्लूटूथमध्ये ध्वनी सेकंदाच्या पाचव्या भागाइतका मागे राहू शकतो. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जवळजवळ ७० मीटर जातो. म्हणजे पडद्यावर शेजारी वाजलेले पाऊल कानाला रस्त्यापलीकडचे वाटावयाचे. गाण्याला या विलंबाने काही बिघडत नाही. खेळात मात्र बिघडते. बिनतारीच हवा असेल, तर संगणकाला लावावयाच्या स्वतंत्र खुंटीसह येणारा संच घ्यावा. त्याचा विलंब पुष्कळ कमी असतो. तारेच्या हेडफोनला मात्र यांपैकी एकही प्रश्न पडत नाही, आणि त्याला रोज विजेचा घोट पाजावा लागत नाही.

खोक्यांवर 'सात अधिक एक' अशा वाहिन्यांची मोठी जाहिरात असते. तिला भुलू नये. आपल्याला कान दोनच आहेत. लॉर्ड रॅलेने सांगितलेला काळाचा आणि तीव्रतेचा हिशेब संगणकच करून देतो, आणि दोन चांगल्या वाहिन्यांवर दिशा नीट उमगते. दुसरा आकडा रोधाचा, म्हणजे ओहमचा. जुन्या स्फटिकसंचाच्या हेडफोनचा रोध कित्येक हजार ओहम असे, कारण क्षीण प्रवाहावरच त्याला भागवावे लागे. आज संगणकाला किंवा मोबाइलला थेट जोडावयाचा तर ३२ ओहमच्या आसपासचा बरा. अडीचशे ओहमचा घेतला, तर वेगळा वर्धक जोडावा लागतो.

राहिला प्रश्न सोयीचा. सोय ही दुकानात पाच मिनिटे घालून पाहिल्याने कळत नाही. ती तिसऱ्या तासाला कळते. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास असावे, पट्ट्याची पकड मानेला न जाणवणारी असावी, आणि गादी अशी असावी की कान तिच्या आत सामावेल, तिच्याखाली दबणार नाही. जबलपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. अशा हवेत रेक्झिनची गादी अर्ध्या तासात घामाने चिकटते, कापडी बरी पडते. बंद पाठीचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवितो, उघड्या पाठीचा येऊ देतो आणि आतलाही थोडा बाहेर सांडतो. ज्याला गजबजलेल्या खोलीत बसावयाचे त्याने बंद घ्यावा, ज्याला स्वतंत्र खोली आहे त्याने उघडा.

पण बंद घ्यावयाचा की उघडा, हा प्रश्न मी केवळ सोयीचा मानला नाही. आवाजाने कान जातो तो एकदम जात नाही. आतल्या कानातील सूक्ष्म केशपेशी थकतात, काही मरतात, आणि मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. वडिलांच्या कानांचा आलेख मी पाहिला आहे. चार हजार कंपनांपाशी त्यात खड्डा आहे. गोंगाटात काम केलेल्यांचा आलेख बहुधा तेथेच खचतो, आणि मराठीतला 'स' याच उंचीच्या आसपास आणि तिच्याही वर राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. मुलांच्या बाबतीत ही मर्यादा ७५ डेसिबल धरली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करावयाचा, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आतला आवाज वाढवीत जातो. रस्त्यावर किंवा आगगाडीत बंद हेडफोन अथवा बोस यांच्या युक्तीचा हेडफोन कानाचे रक्षण करतो, तो यामुळेच. परंतु आमच्या घराची मागची खोली संध्याकाळी कारखाने बंद झाल्यावर शांत असते. तेथे बाहेरचे जग अडविण्याचे कारण नव्हते.

अखेर आम्ही तारेचा, उघड्या पाठीचा, कापडी गादीचा हेडफोन घेतला, आणि टेबलावर ठेवावयाचा लहान मायक्रोफोन वेगळा घेतला. दोन्ही घराण्यांना एका छपराखाली नांदवावयाचे तर त्यांच्या चुली वेगळ्या ठेवाव्यात, हा व्यवहार एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना नव्याने शिकवावा लागत नाही. मायक्रोफोन त्याच्या जागी निरोप घेतो, हेडफोन आपल्या जागी नाद देतो, आणि एक बिघडला तर दुसरा टाकून द्यावा लागत नाही. खर्चही एका दिमाखदार हेडसेटहून अधिक आला नाही.

आवाज किती ठेवावयाचा, याचा नियम मात्र यंत्राने घातला नाही, वडिलांनी घातला. स्वयंपाकघरातून आजीने नेहमीच्या आवाजात हाक मारली तर ती ऐकू आली पाहिजे, इतकाच. डेसिबल मोजण्याचे साधन आमच्या घरी नाही, पण या मापाने आमचे चांगले चालले आहे. पहिल्या आठवड्यात मुलाला दोनदा आवाज उतरवावा लागला. नंतर तो स्वतःच हेडफोनचा एक भाग कानामागे सरकवून बसू लागला. परवा संध्याकाळी आजीने हाक मारली तेव्हा तो लगेच उठला. वडील शेजारी पेपर वाचत बसले होते, त्यांनी मान वर करून विचारले, "कोणी हाक मारली का रे?" मुलगा म्हणाला, "हो आजोबा, आजीने. चहा झालाय." आणि त्यांचा हात धरून तो त्यांना आत घेऊन गेला.